"बाई, झालं. आता काय करू?"

तिसरीच्या वर्गात बाई फळ्यावर दहा वजाबाक्या लिहून देतात. बहुतेक मुलं अर्धा तास त्यात गुंततात. एखादी मुलगी मात्र सात-आठ मिनिटांत वही मिटते आणि विचारते, "बाई, झालं. आता काय करू?" या प्रश्नाला शाळेत साधारण तीन उत्तरं मिळतात: गप्प बस, शेजारणीला समजावून सांग, नाहीतर आणखी दहा कर. बाईंना दोष देण्याचं कारण नाही. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण ठरवलं आहे. ते पाळलं गेलं तरी तीस मुलं तीस वेगवेगळ्या ठिकाणी उभी असतात. मागे राहिलेल्यांना पुढे आणण्यातच बाईंचा दिवस संपतो, आणि ते काम महत्त्वाचंच आहे.

पण वही मिटून बसलेल्या मुलीचं काय होतं? ती हळूहळू तीन गोष्टी शिकते. शाळा म्हणजे वाट पाहण्याची जागा. लवकर काम संपवलं तर जास्त काम मिळतं, म्हणून रेंगाळलेलं बरं. आणि सगळ्यात घातक म्हणजे, जे आपल्याला येतं ते लगेच येतं, आणि जे लगेच येत नाही ते आपल्याला येतच नाही. आठवी-नववीत पहिल्यांदा खरं अवघड गणित समोर येतं तेव्हा अशी कित्येक हुशार मुलं एकदम गळून जातात, कारण अडल्यावर चिकटून राहण्याचा सराव त्यांना कुणी दिलेलाच नसतो. प्राथमिक शाळेत पुरेसं आव्हान मिळावं असं म्हणायचं ते यासाठी. मुलाचं कौतुक व्हावं, नंबर यावा, दोन इयत्ता पुढचा अभ्यास व्हावा, हा त्यामागचा हेतू नव्हे.

आव्हान कशाला म्हणायचं, ते आधी नीट ठरवू. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी १९३०च्या दशकात मांडलेली एक कल्पना शिक्षक-प्रशिक्षणाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचलेली असते. मुलाला एकट्याने करता येतं ते एका बाजूला, मदत घेऊनही अजून जमत नाही ते दुसऱ्या बाजूला. या दोहोंमधला पट्टा, म्हणजे थोड्या मदतीने जमेल असं काम, तिथे शिकणं घडतं. सर्वसाधारण मुलासाठी तिसरीचं पुस्तक बरोबर त्या पट्ट्यात बसावं अशा बेताने लिहिलेलं असतं. काही मुलांचा पट्टा त्या पुस्तकाच्या पलीकडे सुरू होतो. त्याची कड शोधणं हे पालकांचं पहिलं काम.

ती शोधायला महागडी चाचणी लागत नाही. शाळेचं पुस्तक घ्या आणि धड्याच्या शेवटच्या सरावसंचापासून सुरुवात करा. वर्गात अजून न शिकवलेल्या धड्यातली चार उदाहरणं मुलापुढे ठेवा आणि काही न सांगता बघत राहा. ते स्वतःच वाट काढतं का? एकदा समजावल्यावर दुसरं उदाहरण थोडं बदलून दिलं तरी चालतं का, की फक्त पहिल्याची नक्कल होते? "असं का?" हा प्रश्न त्याच्याकडून येतो का? पुढे जात जा, आणि ते जिथे थबकतं, डोकं खाजवतं, पण पेन्सिल खाली ठेवत नाही, तिथे थांबा. ती त्याची कड. गणितात ती एका ठिकाणी असेल, वाचनात दुसऱ्याच ठिकाणी, आणि हस्ताक्षरात कदाचित वर्गाच्या मागेसुद्धा. सहा-सात वर्षांच्या मुलांत बोटं बुद्धीच्या बरोबरीने धावतीलच असं नाही. तोंडी फटाफट उत्तरं देणारं मूल लिहायचं म्हटलं की रडतं, आणि वहीवरून त्याची परीक्षा करणाऱ्याला ते कच्चं वाटतं. अशा मुलाला तोंडी उत्तर देण्याची मुभा मिळाली तरी बरंच काही सुटतं.

इथे एक सावधगिरी. घरात पुस्तकं आहेत, आजी रोज गोष्ट वाचते, बालवाडीतच बाराखडी झाली, अशा घरातलं मूल पहिलीत पुढे दिसतंच. ती आघाडी घरातून आलेली असते, आणि दुसरी-तिसरीपर्यंत बाकीची मुलं ती बऱ्याचदा भरून काढतात. उलट, घरात एकही पुस्तक नसलेलं, आई-वडील ऊसतोडीला गेले की अर्धं वर्ष शाळेबाहेर राहणारं मूलसुद्धा नवी गोष्ट एकदा दाखवल्यावर झटकन पकडणारं असू शकतं. मूल आज कुठे उभं आहे यापेक्षा ते किती वेगाने आणि किती खोल शिकतं, ते बघायला हवं. शांत मुलींच्या बाबतीत तर हे फार निसटतं. चुळबुळ करणाऱ्या मुलाला कंटाळा आलाय हे चटकन कळतं. कंटाळलेली मुलगी पुष्कळदा वहीला छान समास आखत बसते आणि सगळे तिला गुणी म्हणतात.

बुद्धिगुणांकाची चाचणी करावी का, असं पालक विचारतात. अशा चाचण्यांचा उगम पॅरिसचा. १९०५ साली आल्फ्रेड बिने यांनी पहिली चाचणी तयार केली ती शाळेत मागे पडणाऱ्या आणि जास्त मदतीची गरज असलेल्या मुलांना ओळखण्यासाठी. पुढे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडला ती मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली. बिने-कामत चाचणी म्हणून ती आजही आपल्याकडच्या मानसशास्त्रज्ञांना परिचित आहे. चाचणीचा उपयोग होतो तो विशिष्ट कारण असेल तेव्हा: मूल तोंडी तल्लख पण लेखनवाचनात विलक्षण अडखळतं आहे, किंवा शाळेत सतत अस्वस्थ आहे आणि कारण सापडत नाही. नुसता आकडा हवा म्हणून लहान मुलाची चाचणी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. या वयात आकडा वर्षा-दोन वर्षांत बदलू शकतो. घरच्यांच्या बोलण्यातून मात्र तो पुढे कित्येक वर्षं जात नाही.

कड सापडली की शाळेशी बोलायचं. बहुतेकांचं इथेच बिनसतं. "आमची मुलगी फार हुशार आहे, तिला तुमच्या वर्गात काही शिकायलाच मिळत नाही," अशी सुरुवात झाली तर समोरची बाई कान बंद करून घेणार, आणि तिचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. पालकसभेच्या गर्दीत हा विषय काढूच नये. वेगळी वेळ मागावी, वही सोबत न्यावी, घरी मुलीने स्वतःहून सोडवलेली दोन-तीन पानं दाखवावी आणि आधी विचारावं: "बाई, वर्गात ती कशी असते? काम झाल्यावर काय करते?" बाईंना जे दिसतं ते घरी दिसत नाही. कदाचित त्या सांगतील की ती घाईत चुका करते, किंवा तोंडी उत्तराला हातच वर करत नाही. ते ऐकून घेतल्यावर एकच छोटी मागणी करावी: "तिचं काम झाल्यावर तिने घरून आणलेली एक वही काढली तर चालेल का?" किंवा "कठीण उदाहरणं तिने आधी केली तर?" एक मागणी, एक महिना, मग पुन्हा भेट. बाईंचं काम वाढणार नाही अशीच मागणी टिकते. शेजारणीला समजावून सांगणं अधूनमधून चांगलंच, शिकवताना आपलीही समज पक्की होते. पण वर्षभर तेच काम लावलं तर त्या मुलीचं स्वतःचं शिकणं तिथेच थांबतं.

कठीण उदाहरणं आधी, ही युक्ती साधी वाटते, पण तिच्या मागे बराच विचार आहे. अमेरिकेतले जोझेफ रेंझुली आणि सॅली रीस यांनी तिला पद्धतशीर रूप दिलं. मुलाला आधीच येणारा भाग कोणता ते तपासायचं, तो कमी करायचा, आणि वाचलेला वेळ खोल कामाला द्यायचा. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला कनेक्टिकट विद्यापीठातल्या त्यांच्या गटाने असं दाखवलं की वेगाने शिकणाऱ्या मुलांचा जवळजवळ निम्मा नेहमीचा अभ्यास गाळला तरी त्यांच्या परीक्षेतल्या कामगिरीत घट होत नाही. आपल्या वर्गात हे असं करता येतं: सरावसंचात बारा उदाहरणं असतील तर बाई त्यातल्या सगळ्यात अवघड चार उदाहरणांवर खूण करतात. ती चारही पहिल्या झटक्यात बरोबर आली तर उरलेली आठ माफ. एक जरी चुकलं तरी सगळी करायची. हा नियम वर्गातल्या कुणालाही खुला ठेवावा. मग भेदभावाची तक्रार येत नाही, आणि एखादा अनपेक्षित मुलगाही चारच्या चार बरोबर आणून बाईंना चकित करतो.

आता वाचलेल्या वेळात काय करायचं? इथे बहुतेक पालक चौथीचं पुस्तक काढतात. मोह समजण्यासारखा आहे: पुस्तक हाताशी असतं आणि प्रगती मोजता येते. पण तिसरीत चौथी संपवलेल्या मुलीला पुढच्या वर्षी वर्गात आणखी जास्त कंटाळा येणार, हे उघड आहे. खोल जाणं जास्त चांगलं, आणि त्यासाठी महाराष्ट्रातल्याच एका शाळामास्तरांनी मोठा ठेवा ठेवला आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे नाशिकजवळच्या देवळालीत शिक्षक होते. विद्यापीठातलं पद त्यांना कधी मिळालं नाही, तरी संख्यांशी खेळता खेळता त्यांनी शोधलेल्या गोष्टी आज जगभर त्यांच्या नावाने ओळखल्या जातात. त्यातलीच एक तिसरीच्या मुलीला देऊन बघू.

तिला सांगायचं: तीन अंकी कुठलीही संख्या घे, फक्त तिन्ही अंक सारखे नकोत. समजा तिने ३५२ घेतली. अंक मोठ्याकडून लहानाकडे लावले तर ५३२, उलट लावले तर २३५. वजाबाकी केली की २९७. आता २९७चे अंक पुन्हा तसेच लावायचे: ९७२ वजा २७९, आले ६९३. पुन्हा: ९६३ वजा ३६९, आले ५९४. पुन्हा: ९५४ वजा ४५९, आले ४९५. आणखी एकदा केलं तर परत ४९५च. मग तिला दुसरी संख्या घेऊ द्या, मग तिसरी, मग आणखी एक. प्रत्येक वेळी शेवटी ४९५ येतं. उत्तर मध्येच ९९ आलं तर ते ०९९ असं लिहायचं, नाहीतर अंक तिनाचे दोन होतात आणि खेळ मोडतो.

एवढ्यात तिने हातच्याच्या पंधरा-वीस वजाबाक्या केलेल्या असतात, म्हणजे वर्गात जेवढा सराव अपेक्षित होता त्याहून जास्त. पण खरं काम इथून सुरू होतं. तिला विचारा: "मधे आलेल्या सगळ्या संख्या एकाखाली एक लिही. काही दिसतं का?" २९७, ६९३, ५९४, ४९५. मधला अंक कायम नऊ. कडेच्या दोन अंकांची बेरीजही नऊ. इथे घाई करू नका. हे तिला स्वतःला दिसायला एक दिवस लागला तर लागू द्या. दिसल्यावर पुढचा प्रश्न: "असं का होतं?" त्याचं उत्तर ९९च्या पाढ्यात आहे. मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आणि आलेल्या फरकाला ९९ने गुणलं की पहिली वजाबाकी तयार होते. ५३२मध्ये ५ आणि २ यांचा फरक ३, आणि ९९ त्रिक २९७. मधल्या अंकाचा त्यात काही संबंधच नाही.

हे तिला पटलं की एक फार मोठी गोष्ट तिच्या हातात येते. फरक एक ते नऊ यांपैकीच काहीतरी असणार. म्हणजे शेकडो संख्या घेतल्या तरी पहिल्या पायरीनंतर फक्त नऊच उत्तरं शक्य: ०९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२, ८९१. ही नऊ तपासून बघितली की प्रत्येक वाट ४९५लाच पोहोचते हे सिद्ध झालं. लक्षात घ्या, सिद्ध झालं. "मी पुष्कळ संख्या घेऊन बघितल्या" असं म्हणणं आणि "दुसरं काही होऊच शकत नाही" असं म्हणणं, यातला फरक आठ वर्षांच्या मुलीला हातच्याच्या वजाबाकीतून कळतो. चार अंकी संख्यांनाही असंच होतं. तिथे जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या येते, आणि कापरेकरांनी ती १९४९ साली जगापुढे मांडली. तिथली सिद्धता बरीच लांब आहे, पण मोठ्या संख्यांची वजाबाकी शिकली की चौथी-पाचवीचं मूल शोध मात्र नक्की घेऊ शकतं.

अशा प्रश्नाची ओळख काय? सुरुवात कुणालाही करता येते, आणि शेवट बराच दूर असतो. वर्गातल्या सगळ्यांना तो एकाच वेळी देता येतो. कुणी दोन संख्यांवर थांबेल, कुणी ९९च्या पाढ्यापर्यंत पोहोचेल. म्हणून शिक्षकांनाही तो आवडतो: वेगळी व्यवस्था नाही, वेगळा गट नाही.

भाषेत हेच करायचं तर जाडजूड पुस्तक हातात देऊन चालत नाही. आठ वर्षांचं मूल मोठ्यांची कादंबरी अक्षरशः वाचू शकेल, पण त्यातलं जग त्याचं नसतं. बालभारती १९७१ पासून काढत असलेलं 'किशोर' मासिक, माधुरी पुरंदरे यांनी केलेला 'वाचू आनंदे'चा संग्रह, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, हे सगळं वयाला धरून आहे आणि तरी सोपं-सपक नाही. वाचनानंतर प्रश्न विचारायचे ते असे, की पुस्तकात उत्तर शोधून चालणार नाही: ही गोष्ट दुसऱ्या पात्राने सांगितली असती तर? लेखकाने हे वाक्य इथेच का ठेवलं? आजीच्या तोंडचे, पुस्तकात न सापडणारे शब्द गोळा करून त्यांचे अर्थ स्वतःच्या भाषेत लिहिणं हे तर चौथीच्या मुलाला वर्षभर पुरणारं काम आहे. कोकणात, खानदेशात, विदर्भात प्रत्येक घरी त्याचा वेगळा साठा सापडेल.

घरी हे सगळं कसं करावं याचा एक नमुना जयंत नारळीकरांच्या आत्मचरित्रात, 'चार नगरांतले माझे विश्व'मध्ये आहे. वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते. त्यांनी घरात मुलांसाठी फळे लावून घेतले होते. मामा मोरेश्वर हुजूरबाजार शिक्षणासाठी त्यांच्याकडे राहायला आले, तेव्हा ते फळ्यावर भाच्यासाठी आव्हान म्हणून एक प्रश्न लिहून ठेवत. प्रश्न सुटेपर्यंत किंवा भाच्याने हार मानेपर्यंत तो फळ्यावर तसाच राही. या व्यवस्थेत काय काय आहे ते पाहण्यासारखं आहे. एका वेळी एकच प्रश्न. वेळेची मर्यादा नाही. जाता-येता तो डोळ्यांसमोर. हार मानण्याची मोकळीक. आणि लिहिणारा माणूस स्वतः त्या विषयात रमलेला. प्रत्येक घरात गणिती मामा नसतो हे खरं, पण उत्तर आपल्याला येत नसेल असा प्रश्नही लिहायला हरकत नाही. "मलाही माहीत नाही, बघू या" असं म्हणणारे बाबा मुलाला जे देतात ते उत्तर सांगणाऱ्या बाबांना देता येत नाही.

प्रश्न अडला की काय बोलायचं, आणि सुटला की काय बोलायचं, याकडेही लक्ष हवं. १९९८ साली क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी अमेरिकेत पाचवीतल्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. सोपी कोडी सोडवल्यावर काही मुलांना "तू हुशार आहेस" म्हटलं, काहींना "तू मेहनत घेतलीस" म्हटलं. पुढे कठीण काम निवडायची संधी दिल्यावर हुशार म्हटलेली मुलं सोप्याकडे वळली, अपयशानंतर त्यांची कामगिरी जास्त घसरली, आणि आपले गुण इतरांना सांगताना त्यांच्यातल्या जास्त मुलांनी ते फुगवून सांगितले. आपल्या घरांत पाहुणे आले की "आमचा सोनू फार हुशार, विचारा त्याला पाढा" हे सर्रास चालतं. ते थांबवायला हवं. त्याऐवजी त्याने काय केलं ते बोलावं: "तू दोनदा चुकलास, मग तक्ता काढलास, तो तक्ता कसा सुचला?"

मुलाला एक इयत्ता वर चढवावी का? मागच्या पिढीत "दुसरीतून एकदम चौथीत बसवलं" अशा गोष्टी ऐकू यायच्या. आयोवा विद्यापीठातून २००४ साली निघालेल्या एका मोठ्या अहवालाचा निष्कर्ष असा की योग्य मुलं निवडून वर चढवली तर अभ्यासात त्यांचा फायदा होतो, आणि भावनिक नुकसानाची जी भीती वाटते तिला फारसा आधार नाही. पण आपल्याकडे इयत्तेची सांगड वयाशी आहे. पहिलीच्या प्रवेशाला वयाची अट, नवोदय विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेला वयाची अट, आणि पुढे वैद्यकीय प्रवेशाच्या नीटला किमान सतरा वर्षं. त्यामुळे पूर्ण इयत्ता ओलांडण्यापेक्षा एका विषयापुरतं वर बसणं व्यवहार्य आहे. गणिताच्या तासाला तिसरीची मुलगी पाचवीत जाऊन बसते आणि बाकी दिवस आपल्या मैत्रिणींबरोबर असते. दोन्ही वर्गांचे गणिताचे तास एकाच वेळी आले तर हे जमतं. त्यासाठी वर्षाच्या सुरुवातीलाच, वेळापत्रक बनत असताना मुख्याध्यापकांशी बोलावं.

गंमत म्हणजे हे सगळ्यात सहज कुठे घडतं, तर दोन शिक्षकी जिल्हा परिषदेच्या शाळेत. तिथे पहिली ते चौथी दोनच खोल्यांत बसतात. दुसरीच्या पोराला चौथीचं ऐकायला कुणी मनाई करत नाही. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या शाळा ज्ञानरचनावादी पद्धतीसाठी राज्यभर गाजल्या. फरशीवर आखलेले तक्ते, साहित्य हाताळत गटागटाने शिकणारी मुलं आणि प्रत्येकाची आपापली गती हे तिथे पाहायला दूरदूरचे शिक्षक आले. शहरातल्या महागड्या शाळेत जे मागून मिळत नाही ते गावच्या शाळेत चांगल्या गुरुजींमुळे सहज मिळतं, हे मुलाला कुठल्या शाळेत घालायचं ते ठरवताना ध्यानात ठेवावं. आणि ज्या मुलाच्या घरी वही बघायला कुणी नाही, त्याची कड शोधण्याचं काम गुरुजींवरच येतं. ते काम त्यांनी करावं असं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही म्हटलं आहे: विशेष कल असलेल्या मुलांना शिक्षकांनी ओळखावं, त्यांना जास्तीचं साहित्य द्यावं, आणि शाळा, शाळासंकुल, जिल्हा अशा पातळ्यांवर गणिताची, विज्ञानाची, भाषेची मंडळं चालवावीत. धोरणातलं हे वाक्य पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीत आठवणीने मांडावं.

परीक्षांचं काय? प्राथमिक वयात आपल्याकडे मोजक्याच आहेत. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा सगळ्यात जुनी आणि सगळ्यांना माहीत असलेली. ती चौथी-सातवीला होती, मग पाचवी-आठवीला गेली, आणि आता पुन्हा चौथी-सातवीकडे आणण्याचा शासनाचा निर्णय आहे. त्यामुळे आपल्या मुलाच्या वर्षाला काय लागू आहे ते शाळेत विचारून घ्यावं. दोन पेपर, प्रत्येकी १५० गुणांचे: एकात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात तृतीय भाषा आणि बुद्धिमत्ता चाचणी. यातली बुद्धिमत्ता चाचणी मुलांना मनापासून आवडते, कारण ते पुस्तकातलं नसतं. पहिल्या दोन-तीन महिन्यांत ती कोडी खरंच आव्हान असतात. नंतर प्रश्नांचे प्रकार पाठ होतात आणि उरतो तो वेग. तिथे थांबावं. रोज सराव प्रश्नपत्रिका सोडवणाऱ्या मुलाला गुण मिळतात, पण त्याला पुन्हा तेच शिकवलं जातं की उत्तर एका मिनिटात आलं पाहिजे.

पाचवीत असताना जवाहर नवोदय विद्यालयाची परीक्षा देता येते. ही निवासी विद्यालयं १९८६ पासून देशभर जिल्ह्याजिल्ह्यात उघडली गेली, सहावीपासून प्रवेश मिळतो, आणि किमान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. खेड्यातल्या हुशार मुलासाठी यापेक्षा चांगली संधी क्वचितच मिळते. फक्त दहा-अकरा वर्षांचं मूल घरापासून लांब राहणार आहे, तेव्हा ते स्वतः काय म्हणतं हेही ऐकावं. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी सुरू केली ती नेमक्या याच विचारातून, की बुद्धिमान मुलांना वेगळं शिक्षण द्यायला हवं आणि त्यांच्या बुद्धीला समाजाचं भान हवं. तिची प्रशाला पाचवीपासून प्रवेश देते, तोही मानसशास्त्रीय चाचण्यांतून. सहावीत गेल्यावर होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा येते. तिच्यात लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक आणि कृतिसंशोधनाचा प्रकल्प असतो, म्हणून नुसत्या पाठांतराने ती जमत नाही. ऑलिंपियाडचा खरा रस्ता माध्यमिक शाळेत सुरू होतो. प्राथमिकच्या मुलांसाठी त्याच नावाने होणाऱ्या खाजगी परीक्षांची पदकं बघून घाबरून जाऊ नये.

अबॅकसबद्दल एकच सांगतो. त्याने तोंडी आकडेमोडीचा वेग वाढतो. मुलाला मजा येत असेल तर जरूर लावावं, पण गणिती विचाराची भूक त्याने भागत नाही.

हुशार मुलाला बहुतेक वेळा क्लासपेक्षा जास्त गरज असते ती त्याच्याच सारख्या दोन-तीन मुलांची. वर्गात "तुला कसं माहीत?" असं चिडून विचारणारे असतात. त्याला "मला वेगळं उत्तर आलं, थांब" म्हणणारे हवे असतात. हे घडवणं पालकांच्या हातात आहे. शनिवारी शाळा सुटल्यावर वाचनालयाच्या किंवा सोसायटीच्या खोलीत चार ते सहा मुलं, तिसरी ते पाचवी अशी मिसळलेली, दीड तास. एकच प्रश्न फळ्यावर लिहायचा. सुरुवातीला हा चांगला आहे: ३ म्हणजे १ + २, ९ म्हणजे ४ + ५, किंवा २ + ३ + ४. लागोपाठच्या संख्यांची बेरीज करून ५० पर्यंतच्या कोणत्या संख्या मिळतात आणि कोणत्या मिळतच नाहीत? मोठ्यांनी उत्तर सांगायचं नाही, फक्त "हे तुला कसं कळलं?" एवढंच विचारायचं. सुटला नाही तर पुढच्या शनिवारी तोच प्रश्न. अरविंद गुप्ता यांची टाकाऊ वस्तूंतून खेळणी आणि विज्ञान शिकवणारी पुस्तकं इंटरनेटवर मोफत मिळतात, मराठीतही आहेत. दर तिसऱ्या-चौथ्या शनिवारी त्यातली एक वस्तू सगळ्यांनी मिळून बनवायची. पालकांपैकी एकाने आळीपाळीने बसायचं, आणि ज्या घरातून मूल सोडायला कुणी मोकळं नाही त्या मुलाला वाटेत कुणी घ्यायचं ते पहिल्याच दिवशी ठरवायचं.